चालता चालता मोबाइल चार्ज होईल का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात फिटनेस बँडच्या बॅटरीबद्दल लिहिलं होतं, त्यात शेवटी एक वाक्य होतं की हातात घालायच्या काही वस्तू हाताच्या हालचालीवरच चालू शकतात. त्या एका वाक्यावर एवढे प्रश्न आले की ह्या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. सुरुवातीला एक हिशोब सांगून ठेवते कारण तो पुढे सारखा लागणार आहे. आजकालच्या साध्या मोबाइलची बॅटरी ५००० एमएएचची असते, म्हणजे साधारण १९ वॉट-तास, म्हणजे ६८ हजार ज्यूलच्या आसपास. कुठलीही नवीन वस्तू "चालून चार्ज करा" म्हणत समोर आली की हा ६८ हजारांचा आकडा तिच्यासमोर ठेवायचा आणि मग बोलायचं.

प्रश्न: ताई, मी डोंबिवलीहून रोज सीएसएमटीला जातो. सकाळी स्टेशनपर्यंत चालणं, ब्रिज, मग ऑफिसपर्यंत चालणं, संध्याकाळी परत तेच, मोबाइलच सांगतो की दहा-बारा हजार पावलं झाली. आणि तोच मोबाइल घाटकोपर येईपर्यंत मान टाकतो. बुटात बसवायचं असं काही मिळत नाही का की चालता चालता चार्ज होईल?
– रोजचा प्रवासी, डोंबिवली

उत्तर: तुमच्या आधी हा प्रश्न अमेरिकेत थॅड स्टार्नर नावाच्या संशोधकाला पडला होता. १९९६ मधे त्याने हिशोब मांडला की ६८ किलोचा माणूस सेकंदाला दोन पावलं टाकतोय आणि दर पावलाला टाच ५ सेंटीमीटर खाली येतेय, तर टाचेतून ६७ वॉट मिळायला हवेत. हा आकडा इतका गाजला की आजही जाहिरातवाले तोच पुढे करतात, पण त्यात मेख अशी की ते सगळेच्या सगळे ६७ वॉट काढून घ्यायचे तर बुटाच्या टाचेत ५ सेंटीमीटर खाली जाणारा आणि तुम्हाला काहीच परत न देणारा थर लागेल. जुहू चौपाटीच्या वाळूत अर्धा तास चालून बघा, पाय कसे भरून येतात, कारण प्रत्येक पावलाची शक्ती वाळू गिळते आणि परत काही देत नाही, तसंच दिवसभर डोंबिवली ते सीएसएमटी चालायला लागेल.

मग प्रत्यक्षात किती मिळालं? अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधे १९९८ च्या सुमाराला जोसेफ पॅराडिसो ह्या संशोधकाने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी खरोखर बूट बनवले. तळव्यात आणि टाचेत पायझो पट्ट्या बसवल्या, म्हणजे असा पदार्थ की जो दाबला-वाकवला की त्याच्या दोन बाजूंवर विद्युतभार येतो (हा गुण क्युरी बंधूंनी १८८० मधेच शोधला होता). त्यातून मिळाले ते सरासरी काही मिलिवॉट, पुढे सुधारून आठेक मिलिवॉट. मिलिवॉट म्हणजे वॉटचा हजारावा भाग. आता आपला हिशोब लावा, एका बुटातून ८ मिलिवॉट, दोन्हीतून १६, तर १९ वॉट-तास भरायला जवळजवळ बाराशे तास चालायला लागेल, रोज एक तास चाललात तर तीन वर्षांच्या वर. त्याच लोकांनी टाचेत छोटा फिरता जनरेटर पण बसवून बघितला, त्यातून पाव वॉटच्या आसपास मिळालं, पण तो अवजड होता आणि चालताना त्रास व्हायचा.

अजून एक गोष्ट लोक विसरतात. ही वीज फुकटची नसते, ती तुमच्या जेवणातून येते. स्नायू अन्नातल्या ऊर्जेतला साधारण चौथा भागच कामात आणतात, आणि जनरेटरमधे अर्धी वाया गेली असं धरलं तर एक मोबाइल पूर्ण भरायला सव्वाशे-दीडशे कॅलरी जादा जाळायला लागतील, म्हणजे जवळजवळ अर्धा वडापाव. आणि तीच बॅटरी घरी प्लगला लावून भरली तर युनिटला १० रुपये धरले तरी २५ पैशाच्या आत काम होतं. म्हणून तुमच्यासाठी माझं सरळ उत्तर असं की बुटाच्या मागे लागू नका. घाटकोपरला मोबाइल बंद पडतोय म्हणजे बॅटरी म्हातारी झालीय, सेटिंगमधे बॅटरी हेल्थ दिसत असेल तर बघा, आणि चांगल्या ठिकाणाहून बदलून घ्या.

प्रश्न: मी बारावी सायन्सला आहे. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी लॅमिंग्टन रोडवरून २० पायझो डिस्क आणल्या, चपलेत चिकटवल्या. मल्टिमीटरवर पाय दाबला की २५-३० व्होल्ट दाखवतो! पण मोबाइलची केबल लावली तर चार्जिंगचं चिन्हसुद्धा येत नाही. मोबाइलला तर ५ व्होल्टच लागतात ना? मग ३० व्होल्ट असून का होत नाही? वायरिंग चुकलंय का?
– एक विद्यार्थिनी, भांडुप

उत्तर: वायरिंग बहुतेक बरोबर आहे, अडचण वेगळीच आहे आणि ती समजली की तुझा प्रोजेक्ट इतरांपेक्षा खूप पुढे जाईल. घरातला गॅसचा लायटर घे. त्याचा खटका दाबला की टक् होतं आणि ठिणगी पडते, आत हातोडीसारखा एक तुकडा पायझोच्या कांडीवर आपटतो आणि हजारो व्होल्ट तयार होतात. हजारो! तरी त्याचा झटका लागला तर आपण फक्त "आई गं" म्हणून हात झटकतो, कारण व्होल्ट भरपूर आहेत पण त्यांच्यामागे असलेला विद्युतभार कणभर आहे. तुझ्या डिस्कचं तेच आहे.

आकड्यात बघू. २७ मिलिमीटरच्या पितळी डिस्कची कपॅसिटन्स, म्हणजे भार साठवायची क्षमता, साधारण २० नॅनोफॅरड असते. तू शिकली आहेस की साठलेली ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले सी गुणिले व्ही वर्ग. २० नॅनोफॅरड आणि ३० व्होल्ट घाल, उत्तर येतं ९ मायक्रोज्यूल. वीस डिस्कच्या मिळून एका पावलाला १८० मायक्रोज्यूल. मोबाइलला हवेत ६८ हजार ज्यूल, म्हणजे एक थेंब वाया न घालवता सुद्धा ३८ कोटी पावलं. आणि मोबाइल तर चार्जिंग चालू करायलाच आधी काही शे मिलिअँपिअर मागतो, तुझ्याकडे आहेत मायक्रोअँपिअर, म्हणून चिन्ह येत नाही.

आता काय कर ते सांगते. मोबाइल सोडून दे. प्रत्येक डिस्कला स्वतःचा ब्रिज रेक्टिफायर दे (चार साधे छोटे डायोड, ते उलटसुलट येणारी वीज एकाच दिशेला वळवतात), कारण सगळ्या डिस्क थेट एकमेकींना जोडल्या की एक दाबली जात असताना दुसरी सुटत असते आणि दोघी एकमेकींचा भार खातात. सगळे रेक्टिफायर १०० मायक्रोफॅरडच्या एका कपॅसिटरला, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाला, जोड. मग चालत जा आणि दर दहा पावलांनी कपॅसिटरवरचे व्होल्ट वहीत लिही. ५ व्होल्टपर्यंत जायला पन्नासेक पावलं लागली तर नवल वाटू देऊ नकोस. ५ व्होल्टला त्यात सव्वा मिलिज्यूल साठलेले असतात, तेवढ्यात एलईडी छान चमकतो. थोडे पैसे असतील तर ह्याच कामासाठी बनवलेली एलटीसी ३५८८ नावाची चिप मिळते, ती लहान लहान भार गोळा करून नीट ३.३ व्होल्ट देते, त्यावर तापमानाचा सेन्सर चालवून ब्लूटूथने एक आकडा पाठवता येतो. तक्त्यावर "मोबाइल चार्जर" लिहू नकोस, "पन्नास पावलात एक संदेश" लिही आणि शेजारी तुझ्या मोजमापाचा ग्राफ लाव. परीक्षक खरा असेल तर तो ग्राफसमोर थांबेल.

दोन बारीक गोष्टी. डिस्क सपाट जागेवर चिकटवून दाबल्या तर फार कमी मिळतं, त्यांना किंचित वाकायला जागा लागते, म्हणून खाली मधोमध भोक असलेला पुठ्ठा किंवा रबराची चकती ठेव, पण जास्त वाकली की वरचा पांढरा सिरॅमिकचा थर तडकतो आणि डिस्क मेली. सोल्डर करताना त्या पांढऱ्या भागावर सोल्डरिंग आयर्न एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नकोस. आणि त्या सिरॅमिकमधे शिसं असतं, त्यामुळे फुटलेले तुकडे घासायचे नाहीत, घरातल्या लहान भावंडांच्या हाती जाऊ द्यायचे नाहीत, आणि काम झालं की साबणाने हात धुवायचे.

प्रश्न: दादरच्या ब्रिजवर संध्याकाळी सहा वाजता उभं राहून बघा, मुंगीला पाय ठेवायला जागा नसते. एवढे लोक एवढी पावलं टाकतात, तिथे वीज बनवणारी फरशी का बसवत नाहीत? जपानमधे केलंय म्हणे. एका माणसाचं थोडं असेल पण थेंबे थेंबे तळे साचे ना?
– ज्येष्ठ नागरिक, दादर पश्चिम

उत्तर: काका, जपानमधे केलंय हे खरं आहे. ईस्ट जपान रेल्वेने २००६ मधे आणि परत २००८ मधे टोकियो स्टेशनच्या तिकीट गेटपाशी अशा फरशीची चाचणी घेतली होती. लंडनची पेव्हजेन नावाची कंपनी २००९ पासून अशाच टाइल्स बनवते, त्यांच्या टाइलवर पाय पडला की ती थोडी खाली जाते आणि खालचा छोटा जनरेटर फिरतो. म्हणजे तंत्र आहे, चालतं, त्यात फसवणूक नाही. प्रश्न तळं किती साचतं त्याचा.

७० किलोच्या माणसाने टाइल ५ मिलिमीटर खाली दाबली तर जास्तीत जास्त साडेतीन ज्यूल मिळतात. हे निसर्गाच्या नियमाने ठरलेलं आहे, कितीही हुशार इंजिनिअर आणला तरी त्याच्यावर जाता येत नाही, उलट प्रत्यक्षात कमीच मिळतं. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागाकार केला की साडेदहा लाख पावलं येतात. एका युनिटसाठी! समजा ब्रिजवर प्रत्येक माणूस अशा ५० टाइल्स तुडवत गेला तर २१ हजार माणसं गेल्यावर एक युनिट. ब्रिजच्या छपरावर एक किलोवॉटचं सोलर पॅनल टाकलं तर मुंबईच्या उन्हात ते दिवसाला चारेक युनिट देतं, कोणाच्या पायाखाली न येता. आणि खरं सांगू का, दादरच्या ब्रिजवर जुलै महिन्यात, ओल्या चपलांनी, मागून लोंढा येत असताना पायाखालची फरशी हलायला लागली तर काय होईल ह्याचा विचार करूनच मला धडकी भरते. तिथे फरशी घट्ट, खडबडीत आणि कोरडी हवी, बाकी काही नको.

अशा टाइल्सचा उपयोग छोट्या जागी आहे. शाळेत, म्युझियममधे, जिथे मुलं उड्या मारतात आणि समोरचा दिवा पेटतो, किंवा किती माणसं गेली ते मोजायचं असतं आणि त्या मोजणीपुरती वीज टाइल स्वतःच काढते.

पण काका, तुम्ही म्हणता तसं हालचालीतून वीज परत मिळवणं दादरला रोज चालू असतं, फक्त ब्रिजवर नाही तर ब्रिजच्या खाली. आत्ताच्या लोकल स्टेशनात शिरताना ब्रेक लावतात तेव्हा त्यांच्या मोटरी उलट्या जनरेटरचं काम करतात आणि वीज वरच्या तारेत परत जाते. भरलेली बारा डब्यांची गाडी ६०० टन धरा, वेग ताशी ८० धरा, तर तिच्या धावण्यात ४० युनिटच्या आसपास ऊर्जा असते. सगळी परत मिळत नाही, पण तुलना करा, तेवढ्या ऊर्जेसाठी फरशीवर चार कोटींच्या वर पावलं लागतील. वजन आणि वेग जिथे मोठे तिथे ही युक्ती सोन्यासारखी आहे.

प्रश्न: आमच्या सोसायटीतल्या एकाने दाराला बिनबॅटरीची, बिनवायरची बेल लावलीय. सेल नाही, वायर नाही, तरी वाजते. कशी?
– गृहिणी, बोरिवली

उत्तर: तुमच्या बोटावर चालते. बटणाच्या आत एक चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं, बटण दाबलं की खटकन चुंबकाची बाजू पलटते, वेटोळ्यात क्षणभर वीज तयार होते आणि तेवढ्यात आतला रेडिओ "वाजव" असा छोटा संदेश दोन-तीनदा पाठवून मोकळा होतो. म्हणूनच ते बटण साध्या बटणापेक्षा थोडं कडक लागतं आणि खटका ऐकू येतो. घरातला वाजणारा भाग मात्र प्लगमधेच लावलेला असतो, बघा. सीमेन्समधून २००१ मधे वेगळी झालेली जर्मनीची एनओशन कंपनी ऑफिसातल्या दिव्यांची बटणं अशीच बनवते, भिंत न फोडता कुठेही चिकटवता येतात. मला ही ह्या सगळ्या विषयातली सगळ्यात समाधानाची वस्तू वाटते. काम छोटं, वीज छोटी, दोन्हीचं माप एकमेकांना बसलेलं, आणि दर वर्षी कचऱ्यात जाणारे सेल वाचतात ते वेगळेच.

प्रश्न: मी लोअर परळला गारमेंट डिझाइनमधे आहे. कपडा कपड्याला घासला की वीज तयार होते आणि तशा शर्टवर मोबाइल चार्ज होणार असं वाचलं. आमच्या क्षेत्रात हे कधी येईल?
– एक डिझायनर

उत्तर: थंडीत उत्तरेकडे गेलात आणि सिंथेटिक स्वेटर काढला की चटचट आवाज येतो ना, तीच ही वीज. जॉर्जिया टेकच्या झाँग लिन वांग यांच्या गटाने २०१२ मधे त्यावर चालणारा जनरेटर दाखवला आणि तेव्हापासून जगभर त्यावर काम चालू आहे. दोन वेगवेगळे पदार्थ एकमेकांना टेकतात, सुटतात, प्रत्येक वेळी थोडा भार इकडून तिकडे जातो.

आता तुम्हीच सांगा, मुंबईत स्वेटरचा तो चटचट आवाज कधी ऐकलाय? इथल्या दमट हवेत पृष्ठभागावर पाण्याचा न दिसणारा थर बसतो आणि भार निसटून जातो. त्यामुळे आपल्याकडे असा कपडा करायचा तर जनरेटरचा भाग हवाबंद करायला लागेल, मग तो घाम सोडत नाही, मग तो मे महिन्यात कोण घालेल. शिवाय धुणं, पिळणं, इस्त्री. मोबाइल सोडा, पण पेशंटच्या कपड्यात श्वास मोजणारा सेन्सर, खेळाडूच्या मोज्यात पाय कसा पडतो ते सांगणारा सेन्सर, हे होण्यासारखं आहे, कारण तिथे घासण्यातून येणारा सिग्नल हीच माहिती असते, वेगळी वीज फारशी लागतच नाही. तुमच्या क्षेत्रातल्या माणसांनी ह्यात शिरावं असं मला मनापासून वाटतं. कपडा कुठे ताणतो, कुठे घासतो आणि वीस धुण्यांनंतर त्याचं काय होतं हे लॅबमधल्या लोकांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं.

प्रश्न: आम्ही चार-पाच मित्र महिन्यातून एक तरी ट्रेक करतो. हरिश्चंद्रगडला दोन दिवस राहिलं की मोबाइल, टॉर्च, कॅमेरा सगळं संपतं. एवढं चढतो उतरतो, सॅकमधे किंवा पायाला लावायचं काही असतं का?
– एक ट्रेकर, मुलुंड

उत्तर: असतं, आणि तुम्ही नेमक्या त्या दोन जागा विचारल्यात जिथे माणसाच्या शरीरातून खरोखर वॉटमधे वीज निघालीय. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लॉरेन्स रोम यांनी २००५ मधे अशी सॅक दाखवली की जिच्यातलं ओझं फ्रेमला स्प्रिंगांनी टांगलेलं असतं. चालताना आपली कंबर दर पावलाला काही सेंटीमीटर वरखाली होते, ओझं मागे मागे हलत राहतं आणि त्या हलण्यावर जनरेटर फिरतो. ७.४ वॉटपर्यंत मिळाले. पण ओझं होतं २० ते ३८ किलो, सैनिकांच्या पाठीवर असतं तेवढं. तुमची दोन दिवसांची सॅक दहा किलोची, म्हणजे त्या मानाने वीजही कमी.

दुसरी जागा गुडघा, आणि ही कल्पना मला फार आवडते. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या मॅक्स डोनेलन यांनी २००८ मधे गुडघ्यावर बांधायचा जनरेटर केला. पाय पुढे झोकला जातो तेव्हा पाऊल टेकायच्या जरा आधी मांडीच्या मागचे स्नायू त्याला आवरतात, ब्रेक लावतात, नाहीतर गुडघा ताडकन सरळ होईल. ह्या आवरण्यात स्नायूंची शक्ती नुसती खर्चच होते. डोनेलन यांनी काय केलं तर जनरेटर फक्त त्याच क्षणी गुंतवला, बाकी वेळ मोकळा सोडला. म्हणजे ब्रेक स्नायूऐवजी जनरेटर लावतो. दोन्ही पायांचे मिळून ५ वॉटच्या जवळपास मिळाले आणि त्यासाठी चालणाऱ्याला जे जादा कष्ट पडले ते अगदी थोडे निघाले. लोकल ब्रेक लावताना करते तेच, इथे गुडघ्यात. तुम्ही गडावरून पाचनईला उतरता तेव्हा मांड्या कशा थरथरतात आठवा, उतरताना स्नायू सारखे ब्रेकच लावत असतात, त्यामुळे उताराला तर ही कल्पना अजूनच जमणारी आहे.

पण प्रत्येक गुडघ्यावर दीडेक किलोचं यंत्र होतं, आणि पायावर बांधलेलं वजन पाठीवरच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त दमवतं. खडकावरच्या चढणीत तर मी ते कोणालाही बांधू देणार नाही. जिथे सैनिकांना आठवडाभर पुरतील एवढे सेल वाहून न्यायचे असतात तिथे त्याचा हिशोब बसू शकतो. दोन दिवसांच्या ट्रेकला २०० ग्रॅमची १०,००० एमएएचची पॉवर बँक घ्या, तिच्यात ३७ वॉट-तास असतात, त्यातून मोबाइल दीडेक वेळा भरतो. वर रेंज नसते तिथे मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, कारण रेंज शोधत बसण्यातच त्याची अर्धी बॅटरी जाते.

प्रश्न: वडिलांचं हातात घातल्यावर आपोआप चार्ज होणारं सिको कायनेटिक घड्याळ कपाटात सापडलं. हलवलं की दोन मिनिटं चालतं आणि बंद. फेकायचं का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर: अजिबात फेकू नका. सिकोने १९८८ मधे बाजारात आणलेलं हे तंत्र आहे, आत अर्धगोल वजन फिरतं, ते गिअरमधून छोट्या जनरेटरला गरगर फिरवतं आणि वीज साठते. क्वार्ट्झ घड्याळ मायक्रोवॉटमधे चालतं म्हणून एवढीशी वीज पुरते. यंत्र बहुतेक ठणठणीत असणार, वीज साठवणारा भाग वयाने गेलाय. जुन्यात कपॅसिटर असायचा, आता त्याजागी बसणारा रिचार्जेबल सेल मिळतो. घड्याळजीला "साधा बटणसेल घालू नका" हे आठवणीने सांगा, तो इथे चालत नाही. बदलून झाल्यावर रोज हातात घाला.

प्रश्न: माझ्या आईला पेसमेकर आहे, वय ७४. बॅटरीसाठी परत ऑपरेशन करावं लागेल असं डॉक्टर म्हणाले. हृदयाच्या ठोक्यावरच चार्ज होणारा पेसमेकर निघालाय असं ऐकलं, थांबायचं का?
– मुलगी, ठाणे

उत्तर: थांबू नका, डॉक्टर सांगतील त्या वेळेला करून घ्या. ऐकलंत ते पूर्ण खोटं नाही. हृदय पंप म्हणून साधारण एक वॉट काम करतं आणि पेसमेकरला दहा मायक्रोवॉटच्या आसपास पुरतात, म्हणजे एक लाखावा भाग, त्यामुळे कागदावर हे सगळ्यात नेटकं जुळतं. २०१९ मधे चीनमधल्या संशोधकांनी डुकराच्या हृदयावर असं यंत्र बसवून ठोके नीट केल्याचं दाखवलं. पण ते प्राण्यांवरचं काम आहे, आईंच्या छातीत बसवायला ते आज उपलब्ध नाही. बॅटरी बदलताना कातडीखालचा डबा बदलतात, हृदयापर्यंत गेलेली वायर चांगली असेल तर तीच ठेवतात, त्यामुळे पहिल्या वेळेपेक्षा हे सहसा सोपं असतं. तुमची शंका डॉक्टरांना ह्याच शब्दात विचारा. आणि ह्या कॉलममधल्या चुंबकाच्या वस्तू, हलवायचा टॉर्च, मागे चुंबक असलेला मोबाइल, आईंच्या पेसमेकरपासून वीतभर लांब ठेवा, खिशात नको.

प्रश्न: २६ जुलैला आम्ही कुर्ल्यात दोन रात्री अंधारात काढल्या. तेव्हापासून घरात तयारी ठेवतो. हाताने फिरवायचा चार्जर घ्यावा का? आणि रस्त्यावरच्या एका स्टॉलवरून हलवून पेटणारा टॉर्च घेतला, तो काही दिवसात मेला, कितीही हलवा. असं का?
– एक कुटुंब, कुर्ला

उत्तर: २००५ चा तो दिवस, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस, ज्याने बघितलाय तो अशी तयारी ठेवणारच. आणि १२ ऑक्टोबर २०२० ला वीज गेली तेव्हा पाऊस नसतानाही लोकल थांबल्या होत्या. म्हणून माझं उत्तर, घ्या, पण मोबाइल भरायला नाही, एक फोन करायला. हातात मावणाऱ्या चार्जरमधून २-३ वॉट मिळतात. दहा मिनिटं फिरवलं तर अर्धा वॉट-तास, म्हणजे बॅटरी दोन-अडीच टक्के. ऐकायला कमी वाटतं, पण तेवढ्यात पंधरा मिनिटं बोलणं होतं, "आम्ही वरच्या मजल्यावर आहोत, सुखरूप आहोत" सांगायला पुष्कळ. घरात जुना बटणांचा फोन असेल तर सिम बदलून त्यालाच चार्ज करा, त्याला फार कमी लागतं. पहिली तयारी मात्र पॉवर बँकचीच, पावसाळ्याच्या चार महिन्यात महिन्यातून एकदा भरून ठेवायची. चार्जर घेताना दांडा धातूचा आणि लांब बघा, प्लास्टिकचा आखूड दांडा नेमका गरजेच्या रात्री तुटतो.

तुमच्या टॉर्चबद्दल. खऱ्या टॉर्चमधे पारदर्शक नळीत जड चुंबक असतं, ते तांब्याच्या वेटोळ्यातून इकडून तिकडे जातं आणि वीज बनते, फॅरडेने १८३१ मधे दाखवलं तेच. नकली टॉर्चमधे नळी, वेटोळं, सरकणारा तुकडा सगळं दिसायला असतं, पण वेटोळ्याच्या तारा कुठे जोडलेल्याच नसतात आणि डोक्यात दोन बटणसेल लपवलेले असतात, ते संपले की टॉर्च संपला. मागचं झाकण फिरवून उघडा, सेल दिसतील. नवीन घेताना दुकानातच नळीला बाहेरून एक सेफ्टी पिन टेकवा आणि टॉर्च हळू तिरका करा, आतला तुकडा सरकताना पिन त्याच्यामागे ओढली गेली तर चुंबक खरं. पिन हलली नाही तर घेऊ नका.